शेवटच्या हातापर्यंत

बारकीला ऑफिसात कुणी बारकी म्हणत नसे. तिथे ती मॅडम होती. परदेशातून रसायनं मागवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. धोक्याचा माल बंदराला लागण्याआधी सरकारी कचेरीला जी माहिती कळवावी लागते, ती कळवणं हे तिचं काम. काय येतंय, किती येतंय, कशात भरलंय, सांडलं तर काय करायचं, पेटलं तर कशाने विझवायचं आणि कशाने अजिबात विझवायचं नाही. एखादी गोष्ट राहून गेली की माल बंदरावरच अडकून पडायचा आणि साहेबांचा रक्तदाब वर जायचा. पण बारकीच्या हातून सहसा काही राहत नसे. नवीन माणूस कामाला लागला की साहेब त्याला सांगायचे, "कागद मॅडमच्या नजरेखालून गेलाय ना? मग तू झोप निवांत."

बारकी ती फक्त घरी होती, आणि घर म्हणजे ताई. तिशी उलटून गेली होती, अंगानेही ती आता बारीक म्हणण्यासारखी राहिली नव्हती, पण ताईच्या तोंडून ते नाव काही सुटलं नाही. आई गेली तेव्हा बारकीला नुकतं वाचता येऊ लागलं होतं. वडील त्याच्याही आधी कुठे निघून गेले ते गेलेच. ताईचं स्वतःचं वय तेव्हा शाळेत जायचंच होतं. नातेवाईक जमले, चार शहाण्या माणसांनी विचार केला आणि एकीला इकडे, एकीला तिकडे ठेवायचं ठरवलं. ताई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "भांडी घ्या वाटून. हिला नाही." आणि त्याच आठवड्यात ती बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायला जाऊ लागली.

तिथेच तिचं सगळं आयुष्य गेलं. एक लांब खोली, एका बाजूला खिडक्या, त्याही धूळ येते म्हणून बंद. मध्ये टेबलं, टेबलांवर सोल्यूशनचे डबे, प्रत्येक बाईच्या हातात ब्रश. तळाला एक हात, बुटाला एक हात, जरा सुकू द्यायचं आणि दाबायचं. ताईचा हात असा बसला होता की मालक नवीन बायकांना तिच्या शेजारी बसवायचा. त्यांतलीच एक पुढे तिची जिवाभावाची मैत्रीण झाली. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की सुट्टी होईपर्यंत थांबत नसे, म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणायच्या. तीही त्या नावाला ओ द्यायची.

संध्याकाळी ताई घरी येई तेव्हा तिच्या केसांना, कपड्यांना एक वास असे. पेट्रोलसारखा, पण जरासा गोडसर. लहानपणी बारकी अभ्यास करत बसलेली असली की आधी तो वास यायचा आणि मग ताई दारात दिसायची. बारकी जाऊन तिच्या पोटात तोंड खुपसायची. इतर मुलांच्या आयांना साबणाचा, तेलाचा, स्वयंपाकाचा वास यायचा. हिला वाटायचं, आपल्या ताईचा वास असाच आहे, देवाने दिलेला.

ताईला मधे मागण्या आल्या. ती म्हणायची, "मी येईन, पण बरोबर ही येईल." पाहुणे पाणी पिऊन उठायचे. बारकी शिकत गेली, रसायनशास्त्राची पदवी झाली, नोकरी लागली. पहिल्या दिवशी ताईने तिचे बूट स्वतः चिकटवून, चमकवून दिले आणि म्हणाली, "हे उसवले तर मला सांग. मालकाचं नाव बुडव, माझं नको बुडवूस."

आता गेली दोनेक वर्षं ताईच्या पायातली स्लिपर निसटू लागली होती. एकदा ती बाजारातून घरी आली तर एका पायात स्लिपर आणि दुसरा पाय अनवाणी, टाचेपर्यंत चिखलाने माखलेला. तिला पत्ताच नव्हता. बारकीने बोट दाखवलं तेव्हा तिने खाली पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे भाजीवाला हसत होता तो ह्याला होय? मला वाटलं, आज मी चांगली दिसतेय."

दोघी पोट धरून हसल्या. बारकीने तांब्याभर पाणी आणून तिचा पाय धुतला. तळव्याला काच लागली होती आणि रक्त येत होतं. तेही ताईला कळलं नव्हतं.

मग कप पडू लागले. जिना चढताना पाऊल पायरीला अडखळू लागलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, वय आहे, टॉनिक घ्या. बारकीने टॉनिक आणलं. ताई ते नाक दाबून प्यायची.

त्या वर्षी सरकारने नियम बदलला. तोवर 'माल कशासाठी वापरणार' ह्या रकान्यात 'औद्योगिक वापर' एवढं लिहिलं की भागत असे. आता आयात करणाऱ्यानेच शोध घ्यायचा होता, की आपला माल कुणाकडे जातो, तिथून पुढे कुठे जातो, आणि अगदी शेवटी ज्याच्या हातात पडतो तो माणूस तो कसा वापरतो, बंद यंत्रात की उघड्यावर. हे सगळं लिहून कळवल्याशिवाय पुढच्या मालाला परवानगी नव्हती. साहेबांनी परिपत्रक वाचून कपाळाला हात लावला. "म्हणजे मुलगी दिली त्या घरी जाऊन भांडी कोण घासतं तेही आता आम्हीच बघायचं," ते म्हणाले.

बारकीने फोन करायला सुरुवात केली. कुणी बघून सांगतो म्हणालं, कुणी उचलेचना. हेक्झेन नावाचं एक पातळ, पाण्यासारखं रसायन कंपनी मोठ्या प्रमाणावर मागवायची. ते घेणारा व्यापारी फोनवर हसला. "मॅडम, पाणी बाहेर पडल्यावर कुठे जातं ते तुम्ही नळाला विचारता का? यायचं तर या, गोदाम उघडंच आहे."

बारकी गेली. इतकी वर्षं ती ज्या मालाचे कागद करत होती, तो तिने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ऑफिस वरच्या मजल्यावर, पिंपं बंदरावर, तिथून परस्पर गिऱ्हाइकाकडे. गोदाम गावाबाहेर होतं. आत निळी पिंपं रांगेने उभी होती आणि एक माणूस हातपंपाने एका पिंपातून पत्र्याच्या जुन्या डब्यांत माल भरत होता. बारकीने उंबरठा ओलांडला, दोन पावलं आत गेली आणि थबकून मागे वळली.

ताई इथे कशी, असा विचारसुद्धा तिच्या मनात नीट उमटला नव्हता. त्या पेट्रोलसारख्या, गोडसर वासासरशी मान आपोआप वळली होती. दारात कुणी नव्हतं. बाहेर टेम्पो उभा होता, ऊन होतं.

ती तशीच उभी राहिली. मग पंपवाल्याला तिने विचारलं, "हे डबे कुठे जातात?"

"बुटांच्या कारखान्यांत. सोल्यूशन घट्ट होऊन बसतं ना, ब्रशला येत नाही. हे टाकून पातळ करतात. थिनर म्हणतात ते."

"डब्यावर काही लिहीत नाही?"

"काय लिहायचं? त्यांना माहीत असतं की."

पिंपावर लेबल होतं. ते बारकीनेच तयार केलेलं होतं. अक्षरं बारीक आली म्हणून ती एकदा छापखान्यात जाऊन भांडून आली होती, तेच. त्यावर सहाव्या ओळीत लिहिलं होतं की ह्याची वाफ दीर्घकाळ श्वासात गेल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. ती ओळ तिला तोंडपाठ होती. झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने सांगितली असती. पिंप इथेच राहत होतं आणि डबे पुढे जात होते.

बारकी एका पालथ्या खोक्यावर बसली.

"चक्कर आली का बाई?" पंपवाला म्हणाला. "नवीन माणसाला होतं तसं. बाहेर वाऱ्यावर बसा जरा."

दुसऱ्या दिवशी ती ताईला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ताईला तिने एवढंच सांगितलं की टॉनिकने काही होत नाही, एकदा दाखवू. डॉक्टरीणबाईंनी ताईला झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात एक धातूचा चिमटा होता, तो ठोकला की गुणगुणतो. तो पायाच्या अंगठ्यावर टेकवायचा आणि गुणगुण जाणवते का विचारायचं, अशी ती तपासणी. त्यांनी तो न ठोकता तसाच टेकवला.

"जाणवतंय का?"

"हो हो," ताई म्हणाली. "चांगलं जाणवतंय."

मग त्यांनी तो ठोकून टेकवला. ताई पुन्हा म्हणाली, "हो." घोट्यावर टेकवला तरी हो, गुडघ्याखाली टेकवला तरी हो. डॉक्टरीणबाईंनी बारकीकडे पाहिलं. बारकीने खिडकीकडे पाहिलं. परीक्षेला बसल्यासारखी ताई डोळे घट्ट मिटून पडली होती आणि प्रत्येक उत्तर बरोबर यावं म्हणून धडपडत होती.

बारकीने आणलेला हेक्झेनच्या माहितीचा कागद वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काम आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून."

"सोडलं की बरं वाटेल ना हिला?"

"लगेच नाही. हे काम सोडल्यावरही काही महिने वाढत जातं. मग थांबतं. मग हळूहळू भरून येतं. किती येईल, ते आज मी सांगू शकत नाही. हातांचं बरंचसं येईल. पायांना खूप वर्षं झाली आहेत."

दवाखान्याच्या बाहेर बाक होता. ताई त्यावर टेकली आणि बारकीने तिला सगळं सांगितलं. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे ते थिनर तुझ्या कंपनीतून येतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तू धाडायचीस आणि मी चिकटवायची. घरातल्या घरातच की गं." ती हसली. बारकीला हसता येईना, तेव्हा तीही थांबली.

"ताई, बाकीच्यांना काही होतं का?"

"रेडिओच्या हातातून कात्री पडते. आम्ही हसतो तिला." ताईने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "ती नवीन लागलेली पोरगी, तिच्या बोटांना मुंग्या येतात म्हणते. मी तिला म्हटलं, सवय होईल."

मग ताईने बारकीचा हात धरला. "मी नाही जात उद्यापासून. पण तू हे कुठे लिहू नकोस."

"का?"

"मालकाला मी ओळखते. खर्च करून पंखे बसवणारा माणूस नाही तो. दम दिला तर सरळ कुलूप लावेल. रेडिओचा नवरा अंथरुणाला खिळलाय. त्या घरात दुसरं कोण आहे कमावणारं?"

"पण त्यांचे पाय..."

"पायांचं मी सांगते त्यांना. नीट समजावून सांगते. तू लिहू नकोस."

बारकी काही बोलली नाही. ताईने ते हो म्हणून धरलं. आजवर बारकीच्या गप्प बसण्याचा अर्थ नेहमी हो असाच झाला होता.

ताईने सांगितलंही. दुसऱ्या दिवशी हिशेब घ्यायला म्हणून गेली आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून सांगून आली. बायकांनी ऐकून घेतलं. कुणी बोटं चोळली, कुणी पायातली स्लिपर काढून तळवा पाहिला. मग रेडिओ म्हणाली, "खरं असेल गं तुझं. पण मग काय करू? शाबूत पाय घेऊन उपाशी बसू?" आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली तशा सगळ्या उठून टेबलांपाशी गेल्या. संध्याकाळी ताईने हे बारकीला सांगितलं. "सांगितलं मी," ती म्हणाली. "माझं काम मी केलं." पण तिचा आवाज पडलेला होता.

माहिती कळवायची मुदत जवळ आली. बारकीने हेक्झेनचा कागद तयार करून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"मॅडम, उघड्यावर, हाताने, बंद खोलीत, हे असं कुणी लिहितं का? बंद यंत्रात वापर, असं लिहा. सगळे तसंच लिहितात. कुणी बघायला येत नाही."

"मी बघून आले, साहेब."

"तुम्ही गोदाम बघितलं. कारखाना आपला नाही, बायका आपल्या नाहीत. आपण फक्त माल आणतो."

"शेवटी तो माल माझ्या बहिणीच्या हातात जातो," बारकी म्हणाली. "तिला आता पाय जमिनीला लागलेला कळत नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगीच इकडचा तिकडे केला. "मला कधी बोलला नाहीत," ते म्हणाले.

"मलाच माहीत नव्हतं."

"हे गेलं की तो व्यापारी आपल्याकडे पुन्हा येणार नाही. आणि तिकडच्या बायकांचं काय होईल, त्याचा विचार केलात?"

"रोज करते."

त्यांनी पेन काढलं आणि सही केली. कागद परत देताना ते तिच्याकडे पाहत नव्हते.

ती तो कागद घेऊन आपल्या टेबलापाशी आली. दुपारभर तो तिच्यापुढे पडून होता. घरी फोन करावा आणि ताईला सांगावं, असं तिच्या मनात आलं. फोन उचललाही. पण ताई नको म्हणेल, आणि ताईने एकदा नको म्हटल्यावर आपल्या हातून हे होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फोन खाली ठेवला आणि कागद पाठवून दिला.

पुढे सगळं ताई म्हणाली होती तसंच झालं. तपासणीला सरकारी बाई आल्या, बंद खिडक्या पाहिल्या, बिननावाचे डबे पाहिले. हवा खेचणारे पंखे बसेपर्यंत काम थांबवायचा हुकूम झाला. मालकाने पंखे बसवले नाहीत. महिन्याभराने त्याने टेबलं, यंत्रं गाडीत घातली आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं. जाताना बायकांना म्हणाला, "मला दोष देऊ नका. ज्या कंपनीने कळवलं तिला विचारा."

सरकारी खर्चाने सगळ्या बायकांची तपासणी झाली. रेडिओच्या आणि त्या नव्या मुलीच्या नसांना नुकती सुरुवात झाली होती. वेळेवर कळलं, भरून येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बायका ऐकून घरी गेल्या. घरी चूल थंड होती. त्यांना वेळेवर कळल्याचा आनंद कुठून होणार? कुणी धुणी-फरशीची कामं धरली, कुणी उधारीवर दिवस ढकलू लागली.

आणि ताईचं वाढत गेलं. आधी काठी आली, मग चार पायांची चौकट आली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्यामुळे खाली उतरणं बंद झालं. ब्लाउजची बटणं बारकी लावून द्यायची. ताई तोंड फिरवून उभी राहायची. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितलं होतं, हे असंच होतं, मग थांबतं. पण सांगितलेलं आणि समोर दिसणारं ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक दिवस रेडिओ भेटायला आली, ताईला चौकट धरून दारापर्यंत येताना तिने पाहिलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा एकाएकी बंद झाला. निघताना ती बारकीला म्हणाली, "कामावर होती तेव्हा चालत तरी होती. तुम्ही घरी बसवलीत आणि काय झालं बघा."

बारकी समजावू लागली, की हे विष अंगात राहतं, काम सुटल्यावरही काही दिवस त्याचा परिणाम होतच राहतो. बोलता बोलता तिलाच आपलं बोलणं सबबीसारखं वाटू लागलं. ती मध्येच थांबली.

रेडिओ गेल्यावर ताईने तिला जवळ बोलावलं. "मालक जाताना काय म्हणाला ते रेडिओने सांगितलं मला. कागद तुमच्या कंपनीतून गेला म्हणे."

"हो."

"साहेबांनी लिहायला लावलं असेल."

ताई तिला वाट काढून देत होती. लहानपणी घरात काही फुटलं-तुटलं की अशीच द्यायची, धक्का लागला असेल ना गं, म्हणून.

"नाही," बारकी म्हणाली. "साहेब नकोच म्हणत होते. मीच लिहिलं."

ताईने पायांवरची चादर सारखी केली. बोटांना ती नीट धरता येत नव्हती, म्हणून तळहातांनी केली.

"लिहिलंस ते बरोबर असेल," ती म्हणाली. "तू शिकलीस, तुला कळतं. पण मला सांगायचं होतंस. मी भांडले असते तुझ्याशी. रडले असते. आणि मग दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन सांगितलं असतं, बायांनो, माझी बहीण लिहिणार आहे, आपापलं दुसरं काम बघून ठेवा. तेवढं तरी माझ्या हातून झालं असतं. आता त्या म्हणतात, हिला आधीपासून माहीत होतं, हिने स्वतःचं बघितलं आणि घरी बसली."

"मी सांगते त्यांना. तुला माहीत नव्हतं म्हणून."

"नको सांगूस. तेही मला न विचारता करशील."

त्यानंतर त्या घरात मोठ्याने कुणी बोललं नाही. जेवण वेळेवर व्हायचं, औषधं वेळेवर व्हायची. मग एका रविवारी रेडिओ आपल्या दिराला आणि आणखी दोघांना घेऊन आली. तिचं घर तळमजल्यावर होतं, समोर छोटं अंगण होतं, ताईला निदान दारात बसता आलं असतं. जिन्याचं कारण खरंच होतं, त्यामुळे कुणालाच जास्त बोलावं लागलं नाही. त्या तिघांनी ताईला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. बारकी मागून कपड्यांची पिशवी घेऊन उतरली. जी रेडिओ बारकीकडे बघायला तयार नव्हती, तिनेच ताईला आपल्या नवऱ्याच्या खाटेशेजारची जागा दिली, आणि घरकामं संपवून आल्यावर तिच्या पायांना तेल चोळू लागली.

बारकी दर रविवारी जायची. रेडिओ तिला खुर्ची द्यायची आणि आत निघून जायची. ताई अंगणातल्या मांजराचं सांगायची, शेजारणीच्या सुनेचं सांगायची. हातांना हळूहळू गुण येत होता, कप धरता येऊ लागला होता. पाय मात्र तसेच राहिले. कामाचं कुणी काढायचं नाही, हे दोघींनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

तिकडे ऑफिसात बरंच बदललं. चिकटवण्याच्या सोल्यूशनसाठी कंपनी दुसरं, कमी धोक्याचं रसायन मागवू लागली. छोट्या डब्यांवरही लेबल लावायची सक्ती झाली. साहेब बैठकीत सांगायचे, आमच्या मॅडमच्या कागदामुळे इतर कारखान्यांतही तपासण्या झाल्या. लोक कौतुकाने बघायचे. बारकीला उठून बाहेर जावंसं वाटायचं.

तिने तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडलं आणि तळमजल्यावर दुसरं शोधलं. उंबरे काढून टाकायला लावले. मिस्त्री आणून न्हाणीत नळाजवळ, दाराजवळ, पलंगाशेजारी भिंतीत लोखंडी दांडे बसवून घेतले. मिस्त्रीने विचारलं, "म्हातारं माणूस आहे का घरात?" ती म्हणाली, "यायचंय." सगळं मनासारखं झाल्यावर ती रविवारी गेली आणि ताईला म्हणाली, "चल आता घरी. एकही पायरी नाही. न्हाणीत धरायला दांडे बसवलेत. अंगणही आहे."

ताईने तिला शेजारी बसवून घेतलं. तिचा हात हातात घेतला, आता तो तिला घट्ट धरता येत होता.

"मी तुझ्यावर रागावलेली नाही, बारके," ती म्हणाली. "आधी होते, आता नाही. पण तुला खरं सांगते. तू नसतेस तेव्हा नुसते पाय दुखतात. मी म्हणते, दुखतात तर दुखू देत, वय झालं. तू समोर येऊन बसलीस की मला सगळी वर्षं दिसतात. त्या टेबलावर बसून मी तुला वाढवलं, ह्याचा मला केवढा अभिमान होता. मालकाच्या घरच्या लग्नात मी पहिल्या रांगेत बसले होते. आता तुझं तोंड पाहिलं की वाटतं, मी तिथे बसून काय करत होते, तर मरत होते. आणि शेजारच्या पोरीला सांगत होते, सवय होईल."

"तसं नाही गं ताई."

"तसंच आहे. तू खोटं लिहीत नाहीस, तर बोलूही नकोस." ताईने तिचे डोळे पुसले, स्वतःचे पुसले नाहीत. "थोडे दिवस येऊ नकोस. फोन कर. फोनवर तू मला पूर्वीची वाटतेस."

बारकीने मान हलवली. तिने विचारलं, "किती दिवस?"

"मला तरी काय माहीत?"

आत रेडिओ भांडी आवरत होती. तिने पहिल्यांदाच बाहेर येऊन बारकीला चहा दिला, आणि ती तो पिईपर्यंत गप्प उभी राहिली.

बारकी एकटी नव्या घरी राहू लागली. संध्याकाळी ऑफिसातून आली की ती फोन लावायची. ताई उचलायची, मांजराला पिल्लं झाली म्हणायची, रेडिओच्या हातातून आता कात्री पडत नाही म्हणायची, आज दारापर्यंत चौकटीशिवाय गेले म्हणायची, मग पडले, पण गेले. बारकी ऐकायची. कधी कधी दोघी हसायच्याही, अगदी पूर्वीसारख्या. फोन ठेवला की घर इतकं शांत व्हायचं की शेजारच्यांचा नळ ऐकू यायचा.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. बोलणं संपत आलं होतं. ताई नेहमीसारखं "ठेवते मग" म्हणाली, पण तिने फोन ठेवला नाही.

"बारके."

"काय गं?"

"न्हाणीतला तो दांडा. नळाजवळचा. पक्का बसवलाय ना? नाहीतर माणूस भरवशाने धरायला जायचं आणि हातात यायचा."

बारकी फोन घेऊन न्हाणीत गेली. दांडा दोन्ही हातांनी धरता यावा म्हणून तिने फोन खांद्याला आणि कानाला दाबून धरला. सगळा भार टाकून तिने तो ओढला. एकदा ओढला, पुन्हा ओढला.

"पक्का आहे," ती म्हणाली.

"बरं," ताई म्हणाली. "असू दे."